दीड इंचाचा बिल्ला

वळचण | रविवार, रात्री ९:४०

आज सकाळी पूर्व लंडनमधल्या जुन्या बाजारातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. पाच पौंडांना. डबा काही खास नव्हता, आतला खुळखुळाट ऐकून घेतला. घरी येऊन वर्तमानपत्रावर उपडा केला तर एकतीस बिल्ले निघाले. बहुतेकांच्या पाठी गंजलेल्या. एकाच्या टाचणीत निळ्या लोकरीचा धागा अजून अडकलेला होता, म्हणजे कोणीतरी स्वेटरवरून ओढून काढला असणार.

त्यातले दहा-बारा अँटी-नाझी लीगचे आहेत. १९७७ च्या मे महिन्यात लंडनच्या निवडणुकीत नॅशनल फ्रंट या उघड वर्णद्वेषी पक्षाला सुमारे १ लाख १९ हजार मतं पडली आणि त्याच वर्षाच्या शेवटी ही लीग उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर एक बाण असतो. गंमत अशी, की एकच बिल्ला सगळ्यांनी लावायचा असं त्यांनी ठेवलं नाही. ज्याला त्याला आपापला दिला. शिक्षक नाझींविरुद्ध, खाणकामगार नाझींविरुद्ध, शाळकरी पोरं नाझींविरुद्ध, स्केटबोर्डवाले नाझींविरुद्ध. आणि (हा माझ्या डब्यात आहे!) शाकाहारी नाझींविरुद्ध. आमच्या घरी एकादशीलासुद्धा चालेल असा.

दोन बिल्ल्यांवर पाच टोकांचा तारा आहे, ते रॉक अगेन्स्ट रेसिझमचे. ऑगस्ट १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात दारूच्या नशेत इनॉक पॉवेल या स्थलांतरितविरोधी राजकारण्याची तळी उचलली आणि परदेशी लोकांना हाकला म्हणून बडबड केली. जन्मभर काळ्यांचं ब्लूज वाजवून पोट भरणाऱ्या माणसाने! रेड सॉन्डर्स हा छायाचित्रकार आणि त्याचे मित्र भडकले, त्यांनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहिलं, आणि त्यातून ही चळवळ सुरू झाली. ३० एप्रिल १९७८ ला दोन्ही संघटनांनी मिळून ट्रॅफल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा नेला, तिथे द क्लॅश, स्टील पल्स, एक्स-रे स्पेक्स हे बँड वाजले. लोक ८० हजार ते १ लाख.

त्यानंतर चारच दिवसांनी, ४ मेच्या संध्याकाळी, व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली हा शिवणकामगार कामावरून घरी जाताना भोसकला गेला. तरुण होता, बांगलादेशी होता. त्याचा दुसरा काही गुन्हा नव्हता. आज तिथल्या बागेला त्याचं नाव आहे. मी रोज तिथूनच जाते.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका बांगलादेशातल्या सिल्हेटचे. त्या वर्षी पंधरा वर्षांचे होते. त्यांना डबा दाखवला. म्हणाले, माझ्याकडेही हा बाणवाला होता, पण मी तो कॉलरच्या आतल्या बाजूला लावायचो. शाळेच्या फाटकात कॉलर उलटी करायची की बिल्ला बाहेर, गल्लीच्या तोंडाशी आलं की पुन्हा सुलटी. ब्रिक लेनच्या टोकाला रविवारी नॅशनल फ्रंटवाले पेपर विकत उभे असायचे, त्यांच्यासमोरून बिल्ला मिरवत जाण्याची छाती नव्हती. मग एक दिवस बसमध्ये तिकीट फाडणाऱ्या गोऱ्या कंडक्टरच्या पट्ट्यावर तोच बाण दिसला. "त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही," काका म्हणाले. "पण मी कॉलर उलटी केली. पुढे कितीतरी दिवस त्याचीच बस यावी म्हणून दोन-दोन बसेस सोडायचो."

मला वाटतं, बिल्ला शत्रूला दाखवायला नसतोच. तो दुसऱ्या बिल्लेवाल्यासाठी असतो. तुमच्या माहितीतले, घरातले, वाचनातले असे बिल्ले असतील तर लिहा.

---

शाईखिळा | रविवार, रात्री १०:२५

मस्त धागा. आमचा छपाईचा धंदा, पुण्यात. शाळा-कॉलेजांची गॅदरिंग आणि गणपतीत कार्यकर्त्यांचे बिल्ले हे आमचं पोटापाण्याचं काम, म्हणून थोडं यंत्राबद्दल.

यात काही जादू नाही. पत्र्याची एक उथळ वाटी, तिच्यावर गोल कापलेला छापील कागद, वर पारदर्शक फिल्म. हँडल दाबलं की फिल्मची कड वाटीखाली वळते. मग साचा फिरवायचा, टाचणीवाली पाठ खाली ठेवायची, पुन्हा दाबायचं. टक्-टक्, झाला. शिकाऊ पोरगा तासाला शंभरेक काढतो, हात बसला की दुप्पट. मूळ पेटंट १८९६ चं, अमेरिकेत न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीचं. तेव्हा फिल्मच्या जागी सेल्युलॉइड असायचं. त्याच वर्षी मॅकिन्ले आणि ब्रायन यांच्यातल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांचा धो धो वापर झाला.

शाकाहारी, स्केटबोर्डवाले वगैरे वेगवेगळे बिल्ले निघाले ते यामुळेच परवडतं. साचा तोच, पत्रा तोच, फक्त कागद बदलायचा. पन्नास नग काढायलाही तोटा होत नाही.

---

तिरकस | रविवार, रात्री ११:०२

सगळं ठीक. पण बिल्ला लावून फॅसिझम गेला असं एक उदाहरण द्या. २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानानंतर इंग्लंडात लोक शर्टाला साधी सेफ्टी पिन लावून फिरत होते. अर्थ काय, तर "परकीयांनो, तुम्ही माझ्याजवळ सुरक्षित आहात." पुढे ट्रम्प निवडून आल्यावर अमेरिकेतही तेच. फोटो काढले, टाकले, पिना परत डब्यात. आमची आई पिना बांगडीत अडकवून ठेवायची, तिचा उपयोग जास्त होता.

---

मिरजेची सतार | सोमवार, सकाळी ७:१५

@तिरकस, सेफ्टी पिनेबद्दल +१. तिथल्या काळ्या लोकांनीही हीच टीका केली होती, की पिन लावायला काही किंमत पडत नाही आणि लावणाऱ्याला कोणी विचारतही नाही.

पण ज्यांना किंमत पडली त्यांचं ऐका. कायद्याचा अभ्यास करताना हा खटला वाचला तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

गाव फिलाडेल्फिया, पण मिसिसिपीतलं. जून १९६४ मध्ये याच गावाजवळ चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन मतदार-नोंदणी कार्यकर्त्यांचा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीच्या लोकांनी खून केला. ऑगस्टमध्ये मातीच्या धरणाखालून प्रेतं काढली. आणि सप्टेंबरमध्ये तिथल्या काळ्या मुलांच्या हायस्कुलात काही पोरं छातीवर बिल्ला लावून आली. कडेने गोल अक्षरं, "एक माणूस एक मत". मध्ये एसएनसीसी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीची आद्याक्षरं. मुख्याध्यापकांनी आधीच बजावलं होतं: बिल्ल्याचा शिक्षणाशी संबंध नाही, वर्गात गडबड होईल, लावायचा नाही. तरी दोन-तीन दिवसांत तीस-चाळीस मुलं लावून आली. बिल्ला काढा नाहीतर घरी जा, असं सांगितल्यावर बहुतेकांनी दप्तर उचललं. आठवडाभरासाठी निलंबित.

ज्या गावात तीन महिन्यांपूर्वी याच कामासाठी माणसं मारली गेली, तिथे दहावी-अकरावीची पोरं दीड इंचाच्या पत्र्यासाठी घरी गेली. पालक कोर्टात गेले. १९६६ मध्ये पाचव्या सर्किटच्या (म्हणजे दक्षिणेतल्या काही राज्यांसाठीच्या) अपील न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला, कारण बिल्ल्यांमुळे शाळेत काही बिघडल्याचा पुरावाच नव्हता.

आता याच्यातली मेख. त्याच न्यायाधीशांसमोर मिसिसिपीतल्याच दुसऱ्या एका शाळेचं प्रकरण होतं. बिल्लाही त्याच संघटनेचा, त्यावर काळा आणि गोरा हात एकमेकांत गुंफलेले. तिथे मुलं हरली! कारण ती व्हरांड्यात फिरून नको म्हणणाऱ्यांच्या अंगावरही बिल्ले टाचत होती. एका लहान मुलाला लावायला गेले तर ते रडायला लागलं. कोर्ट म्हणालं, हे बोलणं नव्हे, ही दांडगाई.

पुढे १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काळ्या फिती बांधणाऱ्या मुलांच्या टिंकर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या निकालाचीच कसोटी उचलली. तिकडे शाळेतल्या अभिव्यक्तीचा कुठलाही खटला आजही तिथवर मागे जातो. तेव्हा तिरकसराव, फॅसिझम गेला का माहीत नाही, पण एका बिल्ल्याने कायदा घडवला.

---

तिरकस | सोमवार, सकाळी ९:३०

रडणाऱ्या पोराचा भाग आवडला. बाकी मान्य करायला संध्याकाळपर्यंत वेळ द्या.

---

अनामिका_ठाणे | सोमवार, दुपारी १:१०

खूप छान माहिती. मलाही एक आठवलं. हिटलरने डेन्मार्कमधल्या ज्यूंना पिवळा तारा लावायची सक्ती केली तेव्हा तिथला राजा स्वतः पिवळा तारा लावून घोड्यावरून राजधानीत फिरला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रजेने तारे लावले. वाचून अंगावर काटा आला होता.

---

फ्योर्डवासी | सोमवार, दुपारी ४:४५

अनामिकाताई, रागावू नका, पण ती दंतकथा आहे. डेन्मार्कमध्ये ताऱ्याची सक्ती कधी झालीच नाही, त्यामुळे राजाने तो लावायचा प्रश्नच आला नाही. राजा दहावे ख्रिश्चन घोड्यावरून फिरायचे हे खरं. आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये डेन लोकांनी सात हजारांच्या आसपास ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं हे तर त्या गोष्टीपेक्षा मोठं. उलट तिथली प्रजाच राजाचा बिल्ला लावत होती. १९४० मध्ये राजाच्या सत्तरीनिमित्त एक छोटं चांदीचं मानचिन्ह निघालं होतं, ते छातीवर लावणं म्हणजे जर्मनांना न बोलता टोमणा.

पिवळा तारा अंगावर घेणारे बिगर-ज्यू पॅरिसमध्ये होते. ७ जून १९४२ पासून तिथे सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला तारा बंधनकारक झाला. काही तरुण पोरापोरींनी कागदाचे, कापडाचे तारे कापले आणि "ज्यू" या शब्दाच्या जागी "स्विंग" किंवा "झाझू" असं लिहून फिरायला सुरुवात केली. झाझू म्हणजे लांब कोट घालून जॅझ ऐकणारी तेव्हाची वाया गेलेली पिढी. धरून द्रान्सीच्या छावणीत टाकलं त्यांना. दंडावर "ज्यूंचा मित्र" अशी पट्टी बांधली आणि उन्हाळाभर ठेवलं. राजा नव्हता कोणी त्यांच्यात, म्हणून त्यांचे फॉरवर्ड फिरत नाहीत.

मी नॉर्वेत राहतो, तर इथलंही सांगतो. १९४० मध्ये जर्मन आल्यावर परागंदा राजा हाकोन सातवे यांचं एच-सात हे चिन्ह लोक अंगावर लावू लागले. त्यावर बंदी आली. मग ऑस्लो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी कोटाला कागदाला लावायची साधी क्लिप लावली. अर्थ: आपण एकत्र धरलेले आहोत. मग लोकांनी लाल विणलेल्या टोप्या घातल्या, तर १९४२ मध्ये टोप्यांवरही बंदी. ज्या सरकारला टोपीची भीती वाटते त्याचं काय म्हणायचं!

अवांतर: पेपर क्लिप नॉर्वेजियन माणसाने शोधली असं इथे अभिमानाने सांगतात. त्याच्या नावावर पेटंट आहे, पण लोकांनी कोटाला लावलेली दोन वेढ्यांची क्लिप त्याची नव्हे.

---

हमालवाडा | सोमवार, रात्री ८:२०

मी बहुतेक वाचनमात्र असतो. पण "बिल्ला" हा शब्द वाचून राहवलं नाही.

माझे आजोबा मनमाड स्टेशनावर हमाल होते. आमच्या घरात बिल्ला म्हणजे दंडावरचा पितळी बिल्ला, नंबरवाला. तो त्यांनी निवडला नव्हता, त्याच्याशिवाय फलाटावर पाय ठेवता येत नव्हता. तरी दर अमावस्येला आजी तो चिंचेने घासायची आणि देवापुढे ठेवायची. बाहेर तो नंबर म्हणजे "ए हमाल". घरात तीच लक्ष्मी.

तर प्रश्न असा. लादलेल्या बिल्ल्याचं काय? हिटलरच्या छावण्यांतले त्रिकोण म्हणजे असे नंबरी बिल्लेच ना?

---

फ्योर्डवासी | सोमवार, रात्री ९:०५

@हमालवाडा, अगदी बरोबर. छावणीत कपड्यावर टोक खाली असलेला त्रिकोण शिवायचे. राजकीय कैद्यांना लाल, समलिंगी पुरुषांना गुलाबी, असे रंग ठरलेले. पुढे १९७० च्या दशकात समलिंगी चळवळीने गुलाबी त्रिकोण आपण होऊन छातीवर लावला. लाल त्रिकोणाचंही तेच. बेल्जियममध्ये लिएजची एक स्मृतिसंस्था तो कोटाच्या पिनेच्या रूपात वाटते, अतिउजव्यांना विरोध म्हणून. चक्क मंत्रीसुद्धा लावतात.

आजीचं चिंचेने घासणं वाचून थांबलो होतो थोडा वेळ.

---

बारामोटा | सोमवार, रात्री १०:५०

वळचणताईंच्या बिल्ल्यावरचा बाण आला कुठून ते कोणी लिहिलंच नाही. लीगचं चिन्ह डेव्हिड किंग या आरेखनकाराने केलं आणि त्याची नजर होती १९३० च्या दशकातल्या जर्मनीवर.

डिसेंबर १९३१ मध्ये तिथल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने कामगार संघटना आणि खेळमंडळं यांना घेऊन आयर्न फ्रंट काढला. त्यांचा प्रचार सांभाळायला सेर्गेई चाखोतिन नावाचा रशियन शास्त्रज्ञ मिळाला, घंटा ऐकून कुत्र्याला लाळ सुटते हे दाखवणाऱ्या पावलोवच्या प्रयोगशाळेत काम केलेला. कुत्र्याच्या लाळेवरून माणसांच्या गर्दीपर्यंत! त्याने लिहिलंय, की हायडेलबर्गमध्ये एका भिंतीवर नाझींचं चिन्ह कोणीतरी खडूच्या एका फटक्याने खोडलेलं दिसलं आणि डोक्यात वीज चमकली. एका रेघेचे तीन तिरपे बाण केले. सोय अशी, की शत्रूने रात्री रंगवलेल्या चिन्हावर तीन फटकारे मारले की तेच तुमचं पोस्टर. त्याने पुसायला जावं तर स्वतःचंही चिन्ह पुसलं जातं.

पण तीन बाण कोणावर? १९३२ च्या पोस्टरवर स्पष्ट आहे: राजेशाहीवाले, नाझी आणि कम्युनिस्ट. कम्युनिस्टांनी त्याच वर्षी आपली वेगळी अँटिफा (फॅसिझमविरोधी आघाडी) काढली, तिचं चिन्ह गोलात दोन झेंडे, दोन्ही लाल. हल्ली एक काळा असतो, ती नंतरची भर. ही दोन्ही चिन्हं आज पोरं एकाच जॅकेटवर शेजारी शेजारी लावतात. मूळ मालकांनी बघितलं असतं तर जॅकेटवरच मारामारी झाली असती. १९३३ मध्ये दोघांचेही लोक एकाच तुरुंगात गेले, हा भाग निराळा.

---

श्टुटगार्टची सून | मंगळवार, पहाटे २:३०

खोडलेल्या चिन्हावरून आठवलं, आणि झोपही येत नाहीये.

जर्मनीत नाझी चिन्ह दाखवणं गुन्हा, कलम ८६ अ. मग त्याच्यावर फुली मारलेला, कचऱ्याच्या डब्यात टाकणाऱ्या माणसाचा बिल्ला? आमच्या श्टुटगार्टच्याच न्यायालयाने २००६ मध्ये असा माल पोस्टाने विकणाऱ्या पंक दुकानदाराला ३,६०० युरो दंड केला. म्हणजे नाझींचा विरोध केला म्हणून नाझीविरोधी कायद्याखाली शिक्षा. ग्रीन पक्षाच्या क्लाउडिया रोथ यांनी तर मीही तो बिल्ला लावते म्हणत स्वतःविरुद्धच तक्रार दिली. १५ मार्च २००७ ला कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने त्याला सोडलं: विरोध ठळक आणि उघड दिसत असेल तर गुन्हा नाही.

आता माझं दुःख. लग्न होऊन आले त्या पहिल्या दिवाळीत दारात ठिपक्यांची रांगोळी आणि मधोमध स्वस्तिक. सासूबाई (जर्मन, गोड बाई) चपला घालून आल्या, बघितलं आणि काही न बोलता पायपुसणं त्याच्यावर सरकवलं. मला इतका राग आला! रात्री नवऱ्याने सांगितलं, की त्यांच्या वडिलांच्या कोटाच्या कॉलरवर जो बिल्ला असायचा तो त्यांनी युद्धानंतर खणून बागेत पुरला होता. कुठे पुरला ते घरात सगळ्यांना माहीत, काढत कोणी नाही.

तेव्हापासून दारात गोपद्म काढते. स्वस्तिक देवघरात पाटाखाली. चूक कोणाची ते ठरवत बसले नाही.

---

अनामिका_ठाणे | मंगळवार, सकाळी ८:००

@फ्योर्डवासी, राग नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकली, तर काकांनी परत राजाचाच फॉरवर्ड पाठवला.

---

मिरजेची सतार | मंगळवार, दुपारी १२:४०

एक आपल्याकडे पोचलेलं चिन्ह राहिलं. अलाबामात लाउंडेस परगण्यात पाचातले चार लोक काळे, आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांच्यातला जवळपास एकही नाही. तिथे त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. अलाबामात मतपत्रिकेवर पक्षाचं चित्र असायचं, आपल्यासारखंच, कारण न वाचता येणारे बरेच. गोऱ्यांच्या डेमोक्रॅट पक्षाचं चित्र अनेक वर्षं कोंबडा होतं, आणि त्याच्यासोबत चक्क "गोऱ्यांचं वर्चस्व" असे शब्द. याच्यासमोर काय ठेवायचं? रूथ हॉवर्ड या कार्यकर्तीने अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या शुभंकरावरून काळा पँथर दिला. कोंबड्यासमोर पँथर! निवडणूक १९६६ मध्ये हरले, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या पोरांनी तोच पँथर उचलून ब्लॅक पँथर पक्ष काढला आणि १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या दलित पँथरमधून तो मुंबईच्या भिंतींवर आला.

निवडणूक चिन्ह म्हणून निघालेलं चित्र दोन समुद्र ओलांडून वरळीच्या चाळीत पोचतं, आणि तिरकसराव विचारतात, बिल्ल्याने काय होतं.

---

तिरकस | मंगळवार, दुपारी १:०५

संध्याकाळ झाली समजा. पण फ्रान्सचंही लिहा की कोणी. तिथे एसओएस रेसिझम नावाच्या संस्थेने १९८४ पासून पिवळ्या हाताचा बिल्ला विकला, "माझ्या दोस्ताला हात लावू नकोस." लाखोंनी खपला. पण त्याच्या आदल्या वर्षी मार्सेपासून पॅरिसपर्यंत दीड महिना जी पोरं पायी चालली, मगरेबी (उत्तर आफ्रिकेतल्या) स्थलांतरितांची, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं की आमची चळवळ सत्ताधारी समाजवाद्यांच्या गोतावळ्याने पळवली आणि वर बिल्ला लावला. त्यातला "दोस्त" नेहमी दुसराच कोणीतरी असतो. स्वतः दोस्ताने काय लावायचं?

एवढं बोलून मी मागे घेतो. अर्धं.

---

वळचण | मंगळवार, रात्री १०:१५

सगळ्यांना दंडवत. एवढं येईल वाटलं नव्हतं.

काकांना तुमचे प्रतिसाद हिंदीत वाचून दाखवले. मनमाडच्या आजींचं त्यांनी दोनदा ऐकलं. मग डब्यात हात घालून बराच वेळ ढवळत बसले. म्हटलं, बाणवाला घ्या, तुमचाच आहे. तो नाही घेतला. स्केटबोर्डवाल्यांचा उचलला आणि हसायला लागले. "ह्यांना कोण मारणार होतं?" म्हणाले. आणि तोच नातवाच्या दप्तराला लावून टाकला. पाच मिनिटांत सून खाली आली बिल्ला परत घेऊन. गंजलेली टाचणी, पोराला टोचली तर धनुर्वाताचं इंजेक्शन कोण देणार.

@शाईखिळा, हा गंज कशाने निघेल?

---

शाईखिळा | मंगळवार, रात्री १०:४०

तेल अजिबात लावू नका, कडेने आत शिरलं की कागदावर डाग येतो आणि तो जात नाही. पाण्यात तर बुडवूच नका. कोरड्या, मऊ टूथब्रशने पाठ झाडा, टाचणीला अगदी बारीक पॉलिश पेपर, हलक्या हाताने. मग हवाबंद डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या टाकून. दप्तराला लावायचाच असेल तर मूळचा लावू नका, समोरून सरळ फोटो काढून पाठवा. नवा काढून देतो, पाठ स्टेनलेसची. निळा धागा मात्र काढू नका त्या दुसऱ्याचा.